नववं दार

माझ्या नवऱ्याला मी चव्वेचाळीस वर्षं ‘अहो’ अशी हाक मारत आले आहे. त्यातली पहिली अडतीस वर्षं त्यांनी प्रत्येक हाकेला ओ दिली. बागेतून, माळ्यावरून, दाढी करताना तोंडाला फेस असला तरी, कुठूनही ‘ओऽ’ यायची. मग त्यांना ऐकू येईनासं झालं आणि घरातली ओ बंद पडली. लोकांना वाटतं, बहिऱ्या माणसाच्या घरात शांतता नांदत असेल. छे! मीच दुप्पट आवाज करायला लागले. भांडी आपटायची, कपाटं आपटायची, आणि आपटलेलं कुणाला ऐकूच जात नाही म्हणून आणखी चिडायचं. आपण रागावलोय हे निदान एका माणसाला तरी कळावं लागतं, नाहीतर रागावण्यात काय मजा?

हे म्हणजे डॉक्टर आगटे. भूल देणारे डॉक्टर. आम्ही इंग्लंडात लेस्टरला आलो ते त्यांच्या नोकरीसाठी, आणि मग मीही तिथल्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्ताचे रिपोर्ट काढले. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या बोटाला एक चिमटा लावतात. त्याचं यंत्र सतत टुक टुक करत असतं, आणि रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या टुकटुकीचा सूर खाली उतरतो. यांना कधी पडद्याकडे बघावं लागायचं नाही. पाठ वळलेली असली तरी सूर उतरला की हात आधी पुढे जायचा. एकसष्टाव्या वर्षी एक दिवस सूर उतरला आणि ते नर्सने सांगितलं. पेशंटला काही झालं नाही, पण हे घरी आले, कोट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आज सूर खाली आला आणि मला कळलं नाही.” त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता.

पुढे मशीन लावलं कानाला, मग मोठं मशीन, मग त्याचाही उपयोग संपला. गेली सहा वर्षं आमचा संसार ओठ वाचून आणि फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून चालला होता. ते बोलायचे, मी लिहायचे. आता फळ्यावर ‘भाजीत मीठ जास्त झालंय का’ असं लिहिता येतं, पण ‘मला आज उगाचच रडू येतंय’ असं कोण लिहिणार? मार्कर उचलेपर्यंत ते रडू निघून जातं.

म्हणून गेल्या डिसेंबरात ऑपरेशन झालं. कवटीच्या आत एक तार बसवतात आणि बाहेर कानामागे यंत्र. त्याची एक गोल चकती केसांत लोहचुंबकाने चिकटते. महिन्याभराने, जानेवारीत, ते यंत्र पहिल्यांदा चालू करायचं होतं. मी लग्नाला नेसावी तशी चांगली साडी नेसून गेले. मोबाईलवर असले व्हिडिओ बघितले होते मी. यंत्र चालू होतं, माणूस रडतो, बायको रडते, डॉक्टरीणबाई टिश्यूचा बॉक्स पुढे करतात.

आमची ऑडिऑलॉजिस्ट हेलन. गुबगुबीत, हसरी, वेल्सची आहे. तिने बटण दाबलं आणि विचारलं, “शशी, माझा आवाज कसा वाटतोय?”

हे विचार करून म्हणाले, “बदक. बादलीत बसलेलं.”

आम्ही तिघं हसलो. हेलन म्हणाली, अगदी बरोबर, सगळ्यांना सुरुवातीला बदकंच ऐकू येतात. मेंदूला ही नवी भाषा शिकावी लागते, आणि शिकायचे पहिले सहा महिने महत्त्वाचे. दिवसभर यंत्र लावायचं, माणसांचं बोलणं ऐकायचं. नाही लावलं तर मेंदू त्याचा नाद सोडून देतो. मग ती मला म्हणाली, “आता तुम्ही बोला.”

मी इतके दिवस ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. पण तोंडातून निघालं, “अहो, मी बोलतेय. ऐकू येतंय का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली कार्पेटकडे. “ठीक आहे,” म्हणाले. टिश्यूचा बॉक्स कुणालाच लागला नाही.

हेलनने घरी करायच्या व्यायामांचा एक कागद दिला. चौथा व्यायाम असा होता, की मागे उभं राहून त्यांना त्यांच्या नावाने हाक मारायची, रोज दहा वेळा. वळले की बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली. खुणा करायला माझ्याइतकं योग्य माणूस मिळालं नसतं. तीस वर्षं तेच केलंय. मी पट्टी घेऊन रकाने आखले, तारखा घातल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीमागे उभी राहून सुरू झाले. अहो. अहो. अहोऽ.

दहा दिवसांत शंभर हाका झाल्या आणि खुणा झाल्या चार. त्यातल्या दोन वेळा माझा पाय जोरात पडला होता, म्हणजे जमीन हादरली म्हणून वळले असणार. मी आवाज वाढवला, कमी केला, गोड केला. एकदा तर ओरडले इतकी, की पलीकडच्या मार्गरेटने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. सगळं ठीक होतं. फक्त माझा नवरा पेपर वाचत होता.

आणि मग त्यांनी ते काढून ठेवायला सुरुवात केली. मी खोलीत शिरले की त्यांचा हात कानामागे जायचा. चकती निघायची, यंत्र चष्म्याच्या डबीत जायचं, डबी खट्‌कन बंद. मी बाजारातून आले, डबी बंद. मी चहा घेऊन आले, डबी बंद. पोस्टमनशी दारात बोलताना मात्र यंत्र कानावर! मी काही वेडी नाही. मला दिसत होतं सगळं. सहा वर्षांच्या शांततेनंतर माणसाला बायकोची कटकट पुन्हा नको असेल, हे मी समजू शकते. समजू शकते म्हणजे काय, मनातल्या मनात मी त्यांना रोज धारेवर धरत होते आणि रोज रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता रडत होते. मला फार काही नको होतं. मी हाक मारावी आणि या माणसाने ओ द्यावी, एवढंच हवं होतं.

फेब्रुवारीत एक चौकोनी, चपटं पार्सल आलं. नाव मिहीरचं. मिहीर आमचा मुलगा, एक्केचाळीस वर्षांचा, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्वतःचं घर, बायको, टक्कल, सगळं आहे, पण त्याच्या कुठल्या तरी जुन्या अकाउंटवर अजून आमचाच पत्ता आहे.

“आई, ते माझी रेकॉर्ड आहे,” फोनवर म्हणाला. “ओपन नको करू, प्लीज. लिमिटेड एडिशन आहे. मी सॅटर्डेला येतो.”

“आम्हाला भेटायला कधी इतक्या लगबगीने आला नाहीस,” मी म्हटलं.

“आई, डोन्ट स्टार्ट.”

शनिवारी आला, आल्या आल्या पाकीट उघडून बसला. आइसलँडचा कुठलासा बँड. नाव त्याने तीनदा सांगितलं, मला एकदाही म्हणता आलं नाही. थ्वोत्तास्नूरा. त्याचा अर्थ म्हणे कपडे वाळत घालायची दोरी. अल्बमच्या नावाचा अर्थ नऊ दारं. एका मासेमारीच्या गावात आता थोडीच घरं वस्तीची उरली आहेत. हे लोक तिथे गेले, नऊ घरांच्या दारांचे आवाज टेप करून आणले आणि कॉम्प्युटरमध्ये घालून त्यांचं संगीत केलं.

“दारांचं संगीत,” मी म्हटलं. “तुझ्या लहानपणी मी इतकी दारं आपटली, मला कुणी पैसे दिले नाहीत.”

वर त्याच्या जुन्या खोलीत त्याचा रेकॉर्ड प्लेअर आणि कॉलेजात घेतलेले दोन अजस्र स्पीकर अजून आहेत. थोड्या वेळाने छतातून आवाज यायला लागला. काय सांगू? टक. खर्रर्र. मग लांबलचक घूंऽऽ, जुना फ्रिज करतो तसा. मग पत्र्याचे डबे जिन्यावरून गडगडत जावेत तसं काहीतरी, आणि मध्येच एकदम काही नाही. मी कांदा चिरत होते. मला वाटलं, बरं झालं यांना ऐकू येत नाही.

पण आवाज नाही तरी हादरा जाणवतोच. हे जिना चढून वर गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेले तर दारातच थांबले. ते स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवून उभे होते, पेशंटच्या छातीवर ठेवावा तसा. मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, यंत्र कानाला लावलं आणि मिहीरच्या पलंगावर बसले. रेकॉर्डची एक बाजू संपली. मिहीरने दुसरी लावली. हे हललेसुद्धा नाहीत.

सगळं संपल्यावर म्हणाले, “मला जगातलं सगळं असंच ऐकू येतं.”

मिहीर त्यांच्यासमोर येऊन बसला, ओठ दिसतील असा. इतक्या वर्षांत त्याला सवय झाली आहे बाबांशी कसं बोलायचं याची. सावकाश म्हणाला, “बाबा, हे सगळ्यांनाच असा ऐकू येतो. मला पण. सेम.”

“म्हणजे यात माझं काही चुकत नाहीये?”

“नाही बाबा. हे असंच आहे.”

ते हसले. त्या बदकानंतर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. जानेवारीपासून जे जे कानावर पडलं ते खोटं, वेडंवाकडं, दुसऱ्या सगळ्यांपेक्षा वेगळं होतं, आणि आज पहिल्यांदा ते आणि त्यांचा मुलगा एकच गोष्ट ऐकत बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन तशीच खाली गेले. मला आनंद झाला नाही असं नाही. पण खरं सांगते, त्या डब्यांच्या खडखडाटाचा मला मत्सर वाटला.

मिहीर लिमिटेड एडिशन वर ठेवून परत गेला. असा आहे तो.

मग रोजचा नेम झाला. सकाळी दहाला वर, जेवायला खाली, दोनला पुन्हा वर. आठ गाणी एकदा, आणि शेवटचं नववं गाणं पुन्हा पुन्हा. ते अकरा मिनिटांचं आहे. सुरुवातीला नुसता चुरा, मग थोडा जाडसर चुरा. मला ते पाठ झालं. बेलग्रेव्ह रोडच्या देशी भाजीवाल्याकडे मेथी निवडताना माझ्या डोक्यात तेच वाजायचं. आणि खाली येताना जिन्यातच त्यांचा हात कानामागे जायचा. डबी खट्‌.

एप्रिलमध्ये हेलनकडे तीन महिन्यांची तपासणी होती. हे यंत्र आत हिशेब ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. किती तास लावलं, आणि लावलेलं असताना आजूबाजूला काय होतं. हेलनने स्क्रीन आमच्याकडे वळवला. रोजचे सहा तास. छान, म्हणाली. संगीत, रोज साडेचार तास. अरे वा! मग तिची पेन्सिल खालच्या ओळीवर थांबली. बोलणं, रोज अकरा मिनिटं.

“शशी,” ती म्हणाली, “बोलणं वाढवायला हवं. अजून तीन महिने आहेत आपल्याकडे. कोणाचा तरी एक आवाज रोज ऐका.” आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी पर्सचं बक्कल उघडलं आणि बंद केलं.

येताना गाडी मी चालवली. ओळीने सगळे सिग्नल लाल मिळाले आणि मी प्रत्येक सिग्नलला शिव्या दिल्या, मराठीत. घरी आल्यावर कोट न काढता फळ्यावर लिहिलं, ‘अकरा मिनिटं?’ खाली आणखी लिहिलं, ‘खडखडाट साडेचार तास. आणि मी अकरा मिनिटं. तीही पोस्टमनची असतील.’ मार्कर इतका दाबला की टोक आत गेलं.

त्यांनी वाचलं. मग खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता म्हणतील, कटकट नकोशी होते. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

“तुझा आवाज मला पाठ आहे,” ते म्हणाले. “सहा वर्षं तोच ऐकतोय. तुझे ओठ हलले की आत वाजतो. पुण्यात तुला बघायला आलो होतो तेव्हाचा, मिहीरला रागवतानाचा, सगळा आहे. त्या दिवशी हेलनने बटण दाबलं आणि तू बोललीस. दुसरंच कुणीतरी बोललं, सुमेधा. किरकिरं, पत्र्याचं. आणि घरी आल्यावर तुझे ओठ हलले तर आत तेच वाजलं. आतला आवाज पुसला जायला लागला. मी घाबरलो. हेलन बदक झाली तर होऊ दे. तुला कसं होऊ देऊ?”

मी उभीच होते. एका दिवसाचा राग माणूस कुठे ठेवतो असा? माझा तर तीन महिन्यांचा होता. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, त्या चकतीच्या जागी, जिथे अजून केस नीट उगवलेले नाहीत.

“चल,” ते म्हणाले. “तुला दाखवतो.”

वर गेलो. त्यांनी नववं गाणं लावलं, यंत्र कानाला लावलं आणि मला पलंगावर शेजारी बसवलं. “पहिल्या दिवशी हा नुसता चुरा होता,” ते म्हणाले. “आठवड्याने कळलं, चुऱ्यात माणूस आहे. मग कळलं बाई आहे. म्हातारी. आता ऐक. हे बघ, इथे ‘स’ येतो. वीस वर्षांनी मला ‘स’ ऐकू आला, गं. मशीनमध्ये कधी मिळाला नव्हता.”

मी ऐकायला लागले. खरंच ऐकायला. आजवर मी ते सहन करत होते. दाराची कडी. खरखर. सुईच्या टोकासारखा बारीक स, पुन्हा एक स. मध्ये काहीतरी गोल, ऊसारखं. तुकडे एकमेकांच्या जवळ सरकत होते, फार सावकाश, आणि दहाव्या मिनिटाला ते एकदम जुळले. एक म्हातारी दारात उभी राहून मोकळ्या आवाजात हाक मारत होती. सिगफूस! मग एकदा, थोडी चिडून, सिगफूऽस!

त्यांनी पाकिटाची मागची बाजू पुढे केली. बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, नववं दार. थोरा, वय एक्याऐंशी, सिगफूसला कॉफी प्यायला घरात बोलावते.

“तो ओ देत नाही,” मी म्हटलं, ओठ दिसतील असं.

“नाही. रेकॉर्ड तिथेच संपते.” त्यांनी सुई उचलली. “त्या बाईची हाक मला कळते. आइसलँडच्या. तिचा आवाजही पत्र्याचाच आहे, पण रोज ऐकून ऐकून माणसाचा झाला. म्हणजे तुझाही होईल, असं मला वाटायला लागलंय. पण तुझी हाक येते तीच मुळी कळत नाही. तिच्यात मला धरायला काही सापडत नाही. वाऱ्याची झुळूक येऊन गेल्यासारखं होतं. तू मागे उभी राहून शंभर वेळा हाक मारलीस आणि मी शंभर वेळा नापास झालो. तू कागदावर फुल्या मारत होतीस, मला समोरच्या काचेत दिसत होतं. मग मी यंत्रच काढून ठेवायला लागलो.”

मी खाली आले. ड्रॉवरमधून तो कागद काढला. माझे आखलेले रकाने, तारखा, फुल्यांवर फुल्या. वर हेलनच्या इंग्रजीत चौथा व्यायाम. मागे उभं राहून त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा.

नावाने.

तीस वर्षं लॅबमध्ये मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नसेल तर रक्त परत पाठवायचे, डॉक्टर कितीही मोठा असो. आणि इथे कागदावर ‘नाव’ असं लिहिलेलं असताना मला एकदाही शंका आली नाही. ‘अहो’ हेच त्यांचं नाव, असं माझी जीभ धरून चालली होती. ‘अहो’ म्हणजे नुसती हवा, आणि नावात दोन-दोन ‘श’! हेलनला बिचारीला काय कल्पना? तिला वाटत असणार, बायको नवऱ्याला नावानेच हाक मारते. जगात सगळ्याच मारतात. आमची सून उर्वी मिहीरला ‘ए मिहीर’ म्हणते, मलाच काही वाटत नाही. तीस वर्षं लॅबमधल्या बायका माझ्यासमोर ‘शशी कसा आहे’ म्हणून विचारायच्या आणि मी ‘माय हजबंड इज फाइन’ म्हणून उत्तर द्यायचे.

मला कुणी मनाई केली नव्हती. सासूबाई तर म्हणायच्या, नावाने हाक मार की, चालेल. मला चालत नव्हतं. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही यमकाच्या आड लपून, धावत. लिहायला काही वाटत नाही, फॉर्मवर हजारदा लिहिलंय. पण तोंडाने? ती हाक त्यांच्या आईची. सासूबाई गेल्यावर त्या नावाला मराठीतून कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. इतक्या वर्षांत मी गाडी चालवायला शिकले, मुलाच्या हेडमास्तरांशी भांडले, एका प्रोफेसरला तोंडावर खोटारडा म्हटलं. दोन अक्षरं म्हणायला मला बाथरूमचा नळ सोडून सराव करावा लागला. तिसऱ्या वेळी आरशात बघून हसू आलं. सत्तर वर्षांची बाई, कोणी ऐकेल म्हणून घाबरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं. हे बागेत होते, माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यांखाली उशी घेऊन टोमॅटोची रोपं लावत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी खात्री केली. पांढऱ्या केसांत काळी चकती होती. मग मी मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. पाय आपटला नाही. हातात कागदही घेतला नाही.

“अहो,” मी म्हटलं. सवयच ती. ते रोपाभोवती माती दाबत राहिले. कुंपणावर एक ब्लॅकबर्ड ओरडत होता. त्याचा मला राग आला.

छातीत धडधडत होतं, बघायला आले होते तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन बाहेर जाताना धडधडलं होतं तसं. ते वळले नाहीत तर मी काय करणार होते? वळले नाहीत तर मग मला द्यायला दुसरी हाकच नव्हती.

“शशी,” मी म्हटलं.

आवाज मोठा नव्हता. त्यांचा मातीतला हात थांबला.

“शशी!”

ते वळले. उठले नाहीत, नुसते गुडघ्यांवर बसल्या बसल्या सबंध वळले, आणि बागेत आणखी कोण आलंय म्हणून माझ्या मागे बघायला लागले. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, हे काय नवीन? मी तोंड उघडं ठेवून उभी होते, काहीतरी चोरताना सापडल्यासारखी. त्यांचे डोळे भरून आले.

“ओऽ,” ते म्हणाले.

इतक्या मोठ्यांदा, की कुंपणावरचा ब्लॅकबर्ड उडून गेला. सहा वर्षं आत साठलेली ओ होती ती. मी दाराची चौकट धरली.

“अजून बदकच आहेस तू,” ते म्हणाले, मातीच्या हाताने डोळे पुसत.

“असू दे,” मी म्हटलं. “आत या, चहा झालाय.”

चहा अजून टाकलासुद्धा नव्हता.